नखं कापून जमवलेला पैसा

गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, कर्ज कशासाठी? म्हैस, शिलाई मशीन, पोराची फी. स्वतःच्या शिक्षणासाठी अजून एकीनंही मागितलेलं नाही. म्हणून आज बेसी कोलमनची गोष्ट सांगतो.

१८९२ साली अमेरिकेत, टेक्सासमध्ये जन्मलेली ही कृष्णवर्णीय पोर लहानपणी कापूस वेचायची. पुढे शिकागोत न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नखं कापायची. विमान शिकायचं मनात आलं, पण काळी, त्यात बाई. तिथल्या शाळा घेईनात. मग ती पैसे साठवत फ्रेंच शिकली. नुसत्या बचतीत भागलं नाही हं, एका वृत्तपत्राच्या मालकानं नि एका बँकवाल्यानं हात दिला. १९२० ला फ्रान्सला गेली, १५ जून १९२१ ला परवाना मिळवला.

परवाना आला, पण विमान कुठलं? तिला आपल्या लोकांसाठी उड्डाणशाळा काढायची होती. त्यासाठी कसरती केल्या, भाषणं दिली, ऑर्लँडोत पार्लरही टाकलं. परवडलं ते जुनं, स्वस्त विमान. ३० एप्रिल १९२६ ला तिचा मेकॅनिक ते चालवत होता. यंत्रात पाना अडकला, विमान उलटलं. खाली वाकून बघायचं म्हणून बेसीनं पट्टा बांधला नव्हता. दोघंही गेली. ती ३४ वर्षांची होती.

१९२९ ला लॉस एंजेलिसमध्ये तिच्या नावानं विमान क्लब निघाला.