परदेशी जाण्याआधी : कोपर-डोंबिवलीतील बौद्ध तरुणांसाठी कागदपत्रे, पैसा आणि धम्म

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. त्यांच्याकडे बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती. तिच्या बदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

आपण हा इतिहास जयंतीच्या भाषणात ऐकतो, पण त्यातला व्यवहार विसरतो. करार, मुदत, हिशेब, कर्ज आणि कागद हे सगळे बाबासाहेबांनाही चुकले नव्हते. आज कोपर, डोंबिवली, दिवा, कल्याण या पट्ट्यातील आपल्या अनेक घरांतून मुले-मुली बाहेर जाण्याचा विचार करतात. कुणाला शिकायचे असते, कुणाला नोकरी हवी असते, कुणाला लोकलच्या दारात लटकण्यापलीकडचे आयुष्य हवे असते. आमच्याकडे सतत येणारे प्रश्न लक्षात घेऊन आम्ही ही माहिती एकत्र केली आहे. घरात कुणी जाणार असेल तर जपून ठेवावी.

१. नाव आणि पासपोर्ट

सर्वांत जास्त अर्ज नावावरून अडतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आडनाव, आधारवर दुसरे, जन्मदाखल्यावर फक्त वडिलांचे नाव, असे आपल्या घरांत सर्रास दिसते. गावाकडचे आडनाव बदलून नवे घेतले असेल, तर राजपत्रातील नावबदलाची प्रत हाताशी ठेवा. जन्मदाखल्यातील चूक कल्याण-डोंबिवली महापालिकेत किंवा जन्म जिथे नोंदला तिथे आधी दुरुस्त करून घ्या. पासपोर्ट त्यानंतर काढा.

पासपोर्टवर नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरलेले असावेत. नुसत्या एका शब्दाच्या नावाच्या पासपोर्टवर पर्यटन व्हिसाने येणाऱ्यांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून प्रवेश नाकारण्यास सुरुवात केली.

आपल्याला जवळचे मोठे पासपोर्ट सेवा केंद्र ठाण्यात वागळे इस्टेटला आहे. पोलीस पडताळणी पत्त्याप्रमाणे होते : डोंबिवली पश्चिमेला विष्णुनगर, पूर्वेला रामनगर, टिळकनगर किंवा मानपाडा. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार तयार ठेवा. अर्ज केल्यावर खोली बदलली की पडताळणी अडकते. अनेक देश व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र मागतात. तेही पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच मिळते.

२. जातीचा दाखला : इथे सुरू करा, शेवटी नको

परदेशी विद्यापीठ जातीचा दाखला मागत नाही. तो लागतो शिष्यवृत्तीला आणि सरकारी कर्जाला. आपल्यापैकी अनेकांची घरे मूळची कोकणातली, घाटावरची, मराठवाडा-विदर्भातली. मुलाचा जन्म कोपरचा असला तरी दाखला साधारणपणे आजोबा-पणजोबा १० ऑगस्ट १९५० रोजी जिथे राहत होते तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून घ्यावा लागतो आणि पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होते. कल्याणच्या कार्यालयात चार चकरा मारल्यावर ही गोष्ट कळणे महागात पडते.

गावी जाऊन दोन गोष्टी शोधा : आजोबांच्या शाळेतील प्रवेश नोंदवहीचा उतारा आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद. वडिलांकडे किंवा सख्ख्या काकांकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम सोपे होते.

आजोबांच्या कागदावर 'महार' आणि वडिलांच्या कागदावर 'बौद्ध', याने घाबरू नका. महाराष्ट्रात नवबौद्धांना सवलती आधीपासून आहेत आणि १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीने केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातीचा लाभ मिळाला. बौद्ध झालेल्यांसाठी दाखल्याचा स्वतंत्र नमुना आहे. त्यामुळे सवलतीसाठी धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहायला लावणारा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. तो चुकीचा आहे आणि पुढे कागद जुळवताना त्रासदायकही ठरतो.

३. शिष्यवृत्ती

*राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती* ही राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची योजना. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा असतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी वयोमर्यादा ३५, पीएच.डी.साठी ४०. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान पाहिले जाते.

*नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप* ही केंद्राची. एकूण १२५ जागा, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. ३० टक्के जागा महिलांसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे.

दोन्हींबाबत आम्हाला तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या आहेत.

पहिली, अटी दरवर्षी बदलतात. २०२४ मध्ये राज्याने गुणांची आणि रकमेच्या कमाल मर्यादेची नवी अट आणली, तेव्हा विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले. म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या शब्दावर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

दुसरी, २०२२ पासून केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले आहेत. म्हणजे जातीवर संशोधन करायला कोलंबियाला जायचे असेल तर हे पैसे मिळणार नाहीत. कोलंबियात जातीवर निबंध वाचलेल्या बाबासाहेबांना आज ही शिष्यवृत्ती मिळाली नसती, हे आपण सर्वांनी लक्षात ठेवले पाहिजे.

तिसरी, निवड झाली म्हणजे पैसे मिळाले असे नाही. २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत १०६ जणांची निवड झाली, पण सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती पत्रे देण्यात आली; उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास असे सांगण्यात आले. म्हणून दुसरा मार्ग तयार ठेवा. विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती, विद्यालक्ष्मी पोर्टलवरून बँकेचे कर्ज आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळामार्फत राष्ट्रीय अनुसूचित जाती महामंडळाचे शैक्षणिक कर्ज, हे तिन्ही पर्याय तपासा. राहती खोली तारण ठेवण्याआधी घरातल्या सर्वांना बसवून हप्त्याचा आकडा वाचून दाखवा.

४. पैशाचा खरा हिशेब

फी एवढाच खर्च नसतो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण व्हिसासाठी एका वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरावीक रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. त्याशिवाय विद्यार्थ्याला आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आणि क्षयरोगाची तपासणी आहेच. जानेवारी २०२४ पासून तिथे शिकवणीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना जोडीदार किंवा मुले सोबत नेता येत नाहीत. 'नंतर बायकोला बोलावून घेऊ' असे गृहीत धरून जाऊ नका.

गेल्यावर आपले इथले साधे बचत खाते अनिवासी म्हणजे एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. पॅन चालू ठेवा. आई-वडिलांना बँकेची आणि खोलीची कामे करता यावीत म्हणून मर्यादित मुखत्यारपत्र करा. सर्वाधिकार देणारे करू नका.

५. लग्नाचा दाखला आणि पदव्यांचे प्रमाणीकरण

आपली लग्ने विहारात किंवा हॉलमध्ये बौद्ध पद्धतीने होतात आणि नोंदणी राहून जाते. जोडीदाराच्या व्हिसाला फोटो चालत नाहीत. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात नोंदणी करून घ्या. कायद्याने हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. कागदावर त्या कायद्याचे नाव आले म्हणून धर्म बदलत नाही.

पदव्या, जन्मदाखला, विवाहदाखला यांवर परदेशात चालणारा शिक्का म्हणजे अपोस्टिल. हेग करारातील देशांना तो पुरतो. भारत त्यात २००५ पासून आहे. आधी राज्य शासनाचे आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणीकरण, असा क्रम असतो. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, म्हणून तिथे जाणाऱ्याला दूतावासाचेही प्रमाणीकरण लागते. विद्यापीठातून मूळ प्रमाणपत्र मिळायला वेळ जातो, तेव्हा हे काम व्हिसाच्या बरेच आधी सुरू करा.

६. नोकरीसाठी जाणारे : एजंटपासून सावध

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का येतो. त्यांना आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सची परवानगी लागते. एजंटचा परवाना 'ई-मायग्रेट' पोर्टलवर तपासता येतो. नोंदणीकृत एजंट ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. पावती मागा. 'पावती देत नाही, पण काम पक्के' म्हणणाऱ्याकडून उठून या. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत १० लाखांचे संरक्षण मिळते. ते टाळू नका.

पर्यटन व्हिसावर नोकरी, हे वाक्य ऐकले की तिथेच थांबा. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी सांगून नेलेल्या शेकडो भारतीयांना सीमेपलीकडे म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबण्यात आले. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. 'बौद्ध देश आहे, आपलीच माणसे आहेत' या भावनेवर आपले लोक लवकर विश्वास ठेवतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. करारपत्र, कंपनीचे नाव आणि नोकरीचा व्हिसा, तिन्ही हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. अडचणीत दूतावास आणि 'मदद' पोर्टल गाठा.

७. जात सोबत येते

परदेशात जात सुटते हा समज अर्धाच खरा. ब्रिटनमध्ये घरकामाला नेलेल्या आदिवासी स्त्रीच्या टिर्की विरुद्ध चांडोक खटल्यात २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने मान्य केले की जातीवरचा भेदभाव वंशाच्या व्याख्येत येऊ शकतो. पुढच्या वर्षी तिला १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. अमेरिकेत ब्रॅंडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवर आधारित भेदभावाला मनाई केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी नाकारले.

म्हणून जाण्याआधी आपल्या विद्यापीठाचे किंवा कंपनीचे भेदभावविरोधी धोरण वाचा. भारतीय घरमालक किंवा खोलीतले सोबती आडनाव, गाव, खाणे यांवरून चौकशी करू लागले तर काय उत्तर द्यायचे, हे आधीच ठरवा. त्रास झाला तर तारीख, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा.

८. धम्म सोबत न्या

काही जण पैशासाठी नव्हे, धम्मासाठी जातात. ती वाटही आपल्या मराठी माणसानेच मळली आहे. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडून निघाले, १९०२ मध्ये श्रीलंकेत सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पालि शिकले, ब्रह्मदेशात राहिले आणि पुढे हार्वर्डला पालि ग्रंथांच्या संपादनासाठी गेले. आज पालि शिकायला श्रीलंकेतील केलनिया विद्यापीठ किंवा थायलंडमधील महाचुलालंकॉर्न विद्यापीठ हे मार्ग आहेत. चीवर घेऊन राहायचे असले तरी योग्य व्हिसा लागतो, हे विसरू नका.

इतरांनी जिथे जाल तिथला विहार पहिल्याच महिन्यात शोधावा. लंडनमध्ये अनागारिक धर्मपालांनी १९२६ मध्ये स्थापन केलेला विहार आहे, बर्लिनच्या फ्रोनाऊ भागात १९२४ चे बौद्ध गृह आहे. तिथली पूजा आपल्यासारखीच असेल असे नाही, पण त्रिसरण-पंचशील सगळीकडे तेच आहे. लंडनला गेलात तर १०, किंग हेन्रीज रोड या घराला भेट द्या. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले.

शेवटी

बाहेर जाण्यात काही गैर नाही आणि जो जातो तो समाज सोडून जातो असेही आम्ही मानत नाही. पण गेलेल्याने आपला अर्ज, आपला नाकारलेला अर्ज आणि आपल्या चुका मागच्यांसाठी लिहून ठेवाव्यात. विहारातल्या एखाद्या मुलीला वर्षभर आधी 'गावी जाऊन आजोबांचा शाळेचा उतारा आण' एवढे जरी कुणी सांगितले, तरी तिची जागा जाणार नाही. समाजाची परतफेड इतक्या साध्या गोष्टीपासून सुरू होते.

जय भीम!