वखार आणि पाव

पहांटे कुत्र्याला घेऊन फिरावयास निघालों कीं तो मला वेंगुर्ल्याच्या डच वखारीकडे ओढीत नेतो. पुराणवस्तूंचें प्रेम त्याला नसावें. वाटेवर पावाची भट्टी आहे, हेंच खरें कारण.

मालवणास येणारा पाहुणा सिंधुदुर्ग पाहतो, आणि तें योग्यच आहे. १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं त्याचा पाया घातला. पण आमची ही वखार त्याहूनहि वडील. १६३८ च्या सुमारास डचांनीं पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रांतून नाकेबंदी केली, तेव्हां त्यांच्या जहाजांना शिधा येथूनच जाई. डच गेले, भिंती उरल्या, त्यांवरहि आतां झाडें माजलीं आहेत. त्यांच्या शत्रूचा एक शब्द मात्र गांवांत सुखानें नांदतो आहे! ‘पाव’ हा पोर्तुगीज शब्द. पावशेराशीं त्याचें नातें जोडणारे चुकतात. गोव्यांतील रोटीवाले पीठ फुगविण्यास माडाची माडी घालीत. आतां तिची जागा बाजारच्या यीस्टनें घेतली, आणि तो किंचित् आंबूस वास दुर्मिळ झाला. मला त्याची हळहळ वाटते.

विहिरींत पाव पडला आणि गांव बाटलें, अशा कथा आमच्या आजी सांगत. त्यांनीं जन्मांत पावाला हात लावला नाहीं. त्यांच्याच स्वयंपाकघरांत आज काळ्या वाटाण्यांच्या उसळीबरोबर पाव नसला तर नातवंडें पानावर बसत नाहींत. मी रोज डझनभर घेतों. पैकीं एक वखारीच्या दाराशींच संपतो; कुत्रा त्यावांचून परत फिरतच नाहीं.