कॅसेटवर ज्यांची नावे नव्हती

आपल्या स्मरणिकेत इतिहास म्हटला की पाने सुभेदार मल्हाररावांपासून सुरू होतात, अहिल्याबाईंपाशी रेंगाळतात आणि फार तर गिरण्यांच्या झांक्यांपर्यंत येऊन थांबतात. ते योग्यच आहे. पण ऐंशी सालाच्या आगेमागे इंदुरात जन्मलेली आमची पिढीही आता चाळिशी ओलांडून बसली आहे आणि तिच्याही गाठीशी थोडाफार इतिहास जमला आहे. तो टीव्ही गेमचा आहे. ज्येष्ठांना हसू येईल. या खेळांपायी आम्ही जेवढा मार खाल्ला तेवढा भूगोलापायीसुद्धा खाल्ला नाही, एवढे मात्र त्यांनाही आठवत असेल.

हा इतिहास रामबागेतल्या एका वाड्याच्या पुढच्या खोलीत सुरू होतो. नव्वदीच्या सुरुवातीला शहरातली एक कापडगिरणी बंद पडली आणि तिथे कामाला असलेले एक काका घरी बसले. काकूंनी कुठून तरी पैसे उभे करून एक टीव्ही गेम घेतला, घरातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही पुढच्या खोलीत आणला आणि अर्ध्या तासाला दोन रुपये असा दर लावला. दारात चपलांचा ढीग, आत आठ-दहा पोरे, आणि काकू एका बाजूला भाजी निवडत घड्याळाकडे बघत. त्यांच्या हाताशी एक वही असे. कोण किती वाजता बसला, कोणाचे किती राहिले, सगळे त्या वहीत. आमच्यासाठी त्या टीव्ही गेमच्या काकू.

त्या खोलीतले यंत्र मुळात जपानचे. क्योटो शहरातल्या निंटेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचा घरगुती गेम बाजारात आणला. ही कंपनी १८८९ सालची, आणि तिचा मूळ धंदा फुलांची चित्रे असलेले पत्ते छापण्याचा. फॅमिकॉम इतका चालला की पुढे तैवान आणि चीनमधून त्याच्या नकलांचा पूर आला. आमच्यापर्यंत पोहोचल्या त्या या नकला. पिवळी किंवा काळी कॅसेट, वर भलतेच चित्र, आत भलताच खेळ. चालली नाही तर तोंडाजवळ धरून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. खेळ कोणी बनवला हे त्या कॅसेटवर कधीच नसे. पडद्यावर एखाद्या कंपनीचे नाव दिसे, पण पुष्कळ कॅसेटींत नकलाकारांनी तेही पुसलेले असे. आमचे सगळ्यांत आवडते खेळ असे बेवारशी आमच्याकडे आले.

पहिला मारिओ. या मिशीवाल्याला त्याच्या जन्मदात्याचे नाव कळायला आम्हाला इंटरनेट येईपर्यंत थांबावे लागले. शिगेरू मियामोतो यांनी त्याला १९८१ साली डाँकी काँग या खेळासाठी काढला. तेव्हाच्या यंत्रात इतक्या थोड्या ठिपक्यांत चेहरा बसवायचा होता की तोंड दाखवता येईना म्हणून मिशी दिली आणि केस हलते दाखवणे जमेना म्हणून टोपी घातली. सुपर मारिओ ब्रदर्स आला १३ सप्टेंबर १९८५ला. मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याचे नकाशे आलेखाच्या कागदावर चौकट चौकट भरून काढले होते. आम्ही डिप्लोमाला ड्रॉइंग बोर्डावर बरीच वर्षे काढली, त्यामुळे या एका गोष्टीने मारिओ आम्हाला अधिकच जवळचा वाटू लागला. एकूण खेळ ४० किलोबाइटचा. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी येणारा ‘शुभ प्रभात’वाला गणपती याहून जड असतो. जागा वाचवण्यासाठी आभाळातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांना एकच आकृती वापरली आहे, फक्त रंग बदलला. काकूंच्या टीव्हीवर तर रंगही नव्हता, पण ढग आणि झुडूप एकच आहे हे आम्हा आठ-दहा पोरांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही.

मारिओ काहीही न सांगता शिकवतो. सुरुवातीलाच उजवीकडे मोकळी जागा, मग समोरून एक कुरूप प्राणी येतो, आदळलात तर मेलात, उडी मारलीत तर जगलात. एक अक्षर इंग्रजी न येणारे पोर पाच मिनिटांत खेळ शिके. किल्ल्याच्या शेवटी मात्र वाचावे लागे, कारण तिथे राजकन्येच्या ऐवजी कोणीतरी ती दुसऱ्या किल्ल्यात आहे असे सांगे. असे सात वेळा. आमच्यातल्या एकाची आजी त्याला शोधत तिथे येई आणि दारातच टेकून बघत बसे. सातव्या किल्ल्यानंतर ती म्हणाली, “अरे, त्या पोरीच्या मनातच नसेल.”

दोघांनी मिळून खेळायचा म्हणून आमचा खरा लाडका खेळ टँकचा. त्याचे नाव बॅटल सिटी, बनवला नामको कंपनीने १९८५ साली. पडद्याच्या तळाशी विटांच्या कोंडाळ्यात एक गरुड, वरून येणारे शत्रूचे रणगाडे, आणि आपण दोघांनी तो गरुड राखायचा. आपली गोळी चुकून जोडीदाराला लागली तर तो थोडा वेळ जागीच थिजतो. चुकून हा शब्द आम्ही उदारपणे वापरतो. या एका सोयीवरून रामबागेत जेवढी भांडणे झाली तेवढी पतंगांवरूनही झाली नसतील. गंमत म्हणजे हा खेळ त्या काळी अमेरिकेत विकलाच गेला नाही. नकली कॅसेटी जिथे जिथे पोहोचल्या तिथल्या पोरांचा तो खेळ झाला, म्हणजे आमचा आणि रशियातल्या पोरांचा.

या टँकच्या खेळात एक मजकूर लपलेला आहे. बटणे ठराविक, भलत्या किचकट क्रमाने दाबली तरच तो पडद्यावर येतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने टोपणनावाने त्यात सांगितले आहे की हा खेळ आपण लिहिला आणि आपले नोरिकोवर प्रेम आहे. हे आम्हाला कळले तेव्हा आम्ही दोन मुलांचे बाप झालो होतो. काकूंच्या खोलीत ज्या कॅसेटवर आम्ही शेकडो अर्धे तास घालवले, तिच्या पोटात कोणा तरुणाचे प्रेमपत्र होते आणि आम्ही विटा फोडत होतो.

नावे लपवण्याची ही रीत तेव्हा साऱ्या धंद्यातच होती. माणसाचे नाव बाहेर आले तर दुसरी कंपनी त्याला पळवील, ही मालकांची भीती. जपानी खेळांत म्हणूनच पुष्कळदा टोपणनावे दिसतात. अमेरिकेत अटारी कंपनीही बनवणाऱ्याचे नाव छापत नसे. तिथल्या वॉरन रॉबिनेट यांनी १९८०च्या ॲडव्हेंचर या खेळात एक गुप्त खोली करून ठेवली आणि मालकांना पत्ता न लागू देता तिच्यात आपले नाव कोरले. एका मुलाने ती खोली हुडकून कंपनीला पत्र लिहिले तेव्हा सगळ्यांना कळले. वेरूळच्या लेण्यांसमोर उभे राहिले की आम्हाला हा रॉबिनेट आठवतो. तिथेही कोणा पाथरवटाने अंधाऱ्या कोपऱ्यात आपले नाव खरडले असेल का?

काँट्राबद्दल लिहायचे तर दहा बटणांबद्दल लिहावे लागेल. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. कोनामी कंपनीचा हा खेळ फॅमिकॉमवर १९८८ साली आला. त्यात तीन लाइफ मिळत आणि ती पहिल्या धबधब्यापर्यंतही पुरत नसत. ही दहा बटणे सुरुवातीला दाबली की तीस लाइफ. हा क्रम आम्ही कुठे वाचला नाही, कारण तो छापलेले काही आमच्यापर्यंत येतच नव्हते. कोणाचा तरी मामेभाऊ सुट्टीत मुंबईहून आला, त्याने सांगितला. त्याला कोणी सांगितला, देव जाणे. पाढे म्हणावेत तसा आम्ही तो म्हणायचो, आणि एका मोठ्या मुलाने तर धाकट्यांना तो पाच गोट्यांना विकला. जपानहून निघून तोंडातोंडी रामबागेत आलेल्या या दहा शब्दांत वाटेत एकाही शब्दाची चूक झाली नव्हती.

तो क्रम काझुहिसा हाशिमोतो यांचा. ग्रेडियस नावाचा खेळ १९८६ साली फॅमिकॉमसाठी बसवताना त्यांना स्वतःलाच तो झेपेना. तपासणी तर करायची होती, म्हणून त्यांनी ही सोय करून ठेवली आणि ती खेळात तशीच राहून गेली. २०२०च्या फेब्रुवारीत हाशिमोतो वारले. आमच्या जुन्या मित्रांच्या गटावर कोणीतरी बातमी टाकली. खाली एकाने नुसते लिहिले, वर वर. दुसऱ्याने लिहिले, खाली खाली. असे करत शेवटचे ए पुण्यातल्या एका मित्राने रात्री साडेबाराला लिहिले. त्या गटावर इतकी नीट श्रद्धांजली आम्ही दुसऱ्या कोणाला वाहिलेली नाही.

पुढे पॉलिटेक्निकला गेलो आणि संगणक भेटला. प्रयोगशाळेत डॉसवर प्रिन्स ऑफ पर्शिया कोणीतरी फ्लॉपीतून आणून लपवला होता. आमच्या मते सगळ्यांत श्रेष्ठ खेळ हाच. तळघरातून साठ मिनिटांत वर पोहोचून राजकन्येला सोडवायचे. पण खरी मोहिनी त्या राजपुत्राच्या चालण्याची. तो धावताना तोल सावरतो, कड्याला लटकला की अंग झोकून वर चढतो. खेळातले माणूस असे हलताना आम्ही तोवर पाहिले नव्हते.

तो माणूस खराच होता. जॉर्डन मेकनर यांनी १९८५ साली आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि एकेक चौकट गिरवून संगणकात उतरवली. खेळ १९८९ साली आला. त्याचे संगीत त्यांच्या वडिलांचे. ते लहानपणी नाझींमुळे व्हिएन्ना सोडून परागंदा झालेले. म्हणजे एका घरातला एक भाऊ आज्ञावली लिहितोय, दुसरा धावतोय आणि वडील चाली बांधताहेत. आपल्याकडच्या घरगुती गणपतीची आरास याहून वेगळी कुठे होते?

त्या खेळात एक आरसा येतो. राजपुत्र त्यातून उडी मारतो आणि त्याची सावली वेगळी होऊन पळते, पुढे ठिकठिकाणी त्याला नडते. मेकनर यांच्याजवळ नव्या शत्रूसाठी संगणकात जागाच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रे फिरवून त्यांनी ही सावली काढली. बाराव्या टप्प्यावर ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारले की आपणच मरतो. आम्ही मित्र मिळून दोन आठवडे मरत होतो. मग आमच्यातला सगळ्यांत मठ्ठ समजला जाणारा मुलगा म्हणाला, तलवार म्यान करून बघ. केली. समोरच्यानेही केली. पुढे चालत गेलो आणि दोघे एक झाले. प्रयोगशाळेत कोणी काही बोलेना. मागे उभे राहिलेले अटेंडंट मामासुद्धा ओरडायचे विसरले.

राहिला टेट्रिस. तो आमच्याकडे राजवाड्याच्या फूटपाथवरून हातात मावणारा ब्रिक गेम म्हणून आला, वर ‘९९९९ इन १’ असे लिहिलेला. आत खेळ जेमतेम डझनभर. टीव्ही गेमवरून आम्हाला बदडणारे आमचे वडील रात्री हा ब्रिक गेम उशाशी घेऊन झोपत आणि आवाज बंद कसा करायचा हे आम्हालाच विचारत.

अलेक्सी पाजित्नोव्ह हे मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरीला होते. १९८४ साली त्यांनी इलेक्ट्रोनिका-६० या यंत्रावर टेट्रिस लिहिला. त्या यंत्राला चित्रे काढताच येत नव्हती, म्हणून विटांच्या जागी कंस वापरले. चार चौकोनांचे सात आकार, बस. फ्लॉप्यांवरून तो मॉस्कोभर पसरला आणि मग जगभर. १९८९ साली तो निंटेंडोच्या गेम बॉयबरोबर गेला आणि त्या एका यंत्रावरच त्याच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती खपल्या. पाजित्नोव्ह यांना त्यातले काही मिळाले नाही, हक्क सरकारकडे. मानधन सुरू झाले ते १९९६ साली. आम्ही स्वतः राज्य सरकारचे नोकर, त्यामुळे ही बारा वर्षे आम्हाला जरा जास्तच लागतात. सरकारी टेबलावर बसून जगाला वेड लावणारी वस्तू बनवलेला दुसरा माणूस आमच्या माहितीत नाही, आणि त्याचीही फाइल एवढी वर्षे अडकली.

आता आमचा मुलगा खेळतो त्या खेळांच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावे पडद्यावर सरकत राहतात, शेकड्यांनी, दहा-दहा मिनिटे. तो बटण दाबून ती टाळतो. आम्ही त्याला थांबवतो, तो वैतागतो, आणि आम्ही दोघे नावे बघत बसतो.

अशा एका रात्री काकूंची वही आठवली. तिच्यात आमची सगळ्यांची नावे होती, आडनावांसकट. आमच्याकडे मात्र त्यांचे नाव नव्हते. चार-पाच वर्षांनी वाडा पडला, ते कुटुंब गेले. गिरणीतल्या कामगारांची थकलेली रक्कम तीन दशकांनी मिळाली ती बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा वाटले की काकांचे नाव यादीत असेल, शोधावे. मग लक्षात आले की काय शोधायचे तेच आपल्याला ठाऊक नाही. काका म्हणजे काका, आणि काकू म्हणजे टीव्ही गेमच्या काकू. जुन्या मित्रांना विचारले. एकाला त्यांच्या बांगडीचा रंग आठवतो, एकाला त्या परीक्षेच्या दिवसांत कोणालाच खेळायला देत नसत ते आठवते. नाव कोणालाच नाही.

रामबागेत त्या काळी राहिलेल्या वाचकांपैकी कोणाला ते ठाऊक असेल, तर कृपया मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सातनंतर कळवावे. आरतीनंतर आम्ही तिथेच असतो.