वसईचा कागद



वसईचा विजय म्हटला की चिमाजी आप्पा, वज्रेश्वरीचा नवस आणि आपल्या देवळांतून टांगलेल्या पोर्तुगीज घंटा एवढे सर्वांस आठवते. माझे आयुष्य कामगारांच्या वतीने करारांवर सह्या करण्यात गेले. त्यामुळे लढाईचे वर्णन वाचतानाही माझे लक्ष शेवटच्या कागदाकडे जाते.

फेब्रुवारी १७३९ मध्ये वेढा पडला. किल्ल्याभोवती पाणी आणि दलदल; जमिनीवरून जाण्याची वाट काय ती उत्तरेकडून. तिकडूनच सुरुंग खणावे लागले. काही सुरुंग आपल्याच माणसांवर उडाले. मराठ्यांचे हजारो लोक कामी आले. धर्मावरून झालेल्या जुलमाच्या जुन्या आठवणी होत्या त्या वेगळ्याच. सूड घ्यावयास कारणांची वाण नव्हती.

आणि १६ मे रोजी ठरले काय? शिबंदीने हत्यारांसह, नगारे वाजवीत, निशाणे फडकावीत, बायकामुले व चीजवस्तू घेऊन आठ दिवसांत बाहेर पडावे. मागे राहतील त्यांच्या धर्मास उपद्रव होऊ नये.

तारीख ध्यानात घ्या. मेअखेरचा दर्या कसा असतो, हे वडाळ्यातल्या बंदर कामगारांना मी सांगावयास नको. मृग लागला की शिडाची गलबते किनाऱ्यास ओढली जात. मुदत आठ दिवसांऐवजी महिन्याची ठरती, तर तो कागद निरुपयोगी होता. १९४० साली डंकर्कच्या वाळूतून तीन लाखांहून अधिक सैनिक बोटींनी निघाले, तेव्हा वरून शत्रूची विमाने बॉम्ब टाकीत होती. येथे वाट शत्रूनेच मोकळी ठेविली.

यात निव्वळ औदार्य होते असे मी म्हणत नाही. पावसाळा वेढा घालणाऱ्यासही नको होता. त्याच वसंतात नादिरशहाने दिल्ली लुटली होती, तिकडेही लक्ष देणे भाग होते. पण गरजेपोटी केलेला करारही पाळावा लागतो. सही होऊन शाई वाळली नाही तोच गेटावर माणसे अडविलेली मी एका गिरणीत पाहिली आहेत. वसईस तसे झाले नाही. २३ मे रोजी शिबंदी निघाली.

मुंबईकर इंग्रजांनी त्यांस पावसाळाभर आसरा दिला. पुढे ते गलबतांनी चौलास गेले आणि तेथून पायी गोव्याकडे. गोव्याजवळ त्यांना वाडीच्या सावंतांच्या फौजेने गाठले, आणि वसईहून सुखरूप सुटलेली बरीच माणसे तेथे पडली.