पित्तवाहिनींतील हट्टी खडे : एका उपचाराचा इतिहास

मुतखडा म्हणजे काय हें आपल्या घरोघरीं ठाऊक असतें. अश्मरीवरील शस्त्रकर्माचें वर्णन सुश्रुतानें करून ठेविलें आहे याचा आपणांस रास्त अभिमानही वाटतो. परंतु यकृतांतून पाझरणाऱ्या पित्ताचाही खडा होतो, आणि तो पित्ताशयांत स्वस्थ न बसतां खालीं सरकून पित्तवाहिनींत अडकला म्हणजे जीवावर बेततें, ही गोष्ट तितकीशी परिचयाची नाहीं. ('पित्त झालें' म्हणून आपण जें म्हणतों तें बहुधा आम्लाविषयीं असतें, तें प्रकरण निराळें.) ही वाहिनी पेन्सिलीहूनही बारीक, सुमारें ६ मिलिमीटर रुंदीची. ती तुंबली कीं कावीळ होते, कोंडलेल्या पित्तांत जंतु माजतात आणि थंडी भरून ताप येऊं लागतो.

माझी आत्या याच दुखण्यानें गेली. तें साल १९७४. मी तेव्हां शाळकरी पोर होतों. दर चारआठ दिवसांनीं तिला हुडहुडी भरे, डोळे हळदीसारखे पिवळे होत, आणि दोन गोधड्या घातल्या तरी खाट हलत राही. डॉक्टरांनीं वडिलांना स्पष्ट सांगितलें कीं, खडा आहे खरा, पण हृदय दुबळें आहे. पोट उघडलें तर त्यांतच ती जाईल, न उघडलें तर खडा तिला नेईल. तिसरी वाट नाहीं. निवृत्तीनंतर सवड मिळाल्यावर मी या विषयाचें मिळेल तें वाचीत गेलों, तेव्हां तिसरी वाट त्याच वर्षीं जगापुढें आली होती असें मला आढळलें.

तोंवरची वाट एकच, पोटावरून जाणारी. १५ जुलै १८८२ रोजीं बर्लिन येथें कार्ल लांगेनबूख यांनीं एका ४३ वर्षांच्या रोग्याचें पित्ताशयच काढून टाकिलें. तोपर्यंत तें उघडून आंतले खडे काढीत. खड्यांचें घरच उपटावें हा विचार त्यांचा. रोगी सहा आठवड्यांनीं बरा होऊन घरीं गेला. पुढें १८९० सालीं बाझेलचे कुर्व्हॉआझिए यांनीं पित्तवाहिनी चिरून आंतील खडा काढिला. या नाजूक प्रदेशांत चाकू फिरविणें किती जोखमीचें याचा दाखला राजकारणांत सांपडतो. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्या पित्ताशयावर १९५३ सालीं लंडनमध्यें शस्त्रक्रिया झाली व तींत वाहिनीस इजा पोंचली. बोस्टनला जाऊन ती दुरुस्त करवावी लागली. तरीही १९५६ च्या ऑक्टोबरांत, सुएझचा पेंच ऐन रंगांत असतां, पंतप्रधान ईडन १०६ अंश तापानें फणफणत होते.

पोट न उघडतां आंत पाहतां येईल काय, हा प्रश्न सुटला तो कांचेच्या केंसांसारख्या तंतूंमुळें. १९५४ सालीं लंडनमध्यें हॉपकिन्स आणि पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं अशा तंतूंच्या जुडग्यांतून वांकड्या वाटेनेंही चित्र नेऊन दाखविलें. १९५७ सालीं अमेरिकेंत हिर्शोविट्झ यांनीं तसली लवचिक दुर्बीण प्रथम स्वतःच गिळून पाहिली, मग रोग्यास दिली. १९६८ पर्यंत ती तोंडावाटें लहान आतड्याच्या आरंभीं, जेथें पित्तवाहिनी उघडते त्या मुखापर्यंत पोंचली. त्या मुखाशीं स्नायूंचें एक कडें असतें. जर्मनींतील एर्लांगेनचे क्लासेन व डेम्लिंग आणि जपानांतील क्योतोचे कावाई यांनीं विजेच्या तारेनें तें कडें छेदून खडा आतड्यांत ओढून आणण्याची रीति प्रसिद्ध केली. तें साल १९७४.

दहापैकीं सुमारें नऊ जणांचे खडे या दारानें तारेच्या झोळींत किंवा फुग्यानें ओढून निघतात. उरतो तो दहावा. त्याचा खडा १५ मिलिमीटरांहून मोठा असतो, किंवा अरुंद जागेच्या वर पाचरीसारखा बसलेला असतो. १९८२ सालीं एर्लांगेन येथें झोळी आवळून खडा चिरडण्याचें साधन निघालें. परंतु झोळी खड्याभोंवतीं शिरण्यास मुळांत जागा तर हवी! कधीं कधीं खड्यासकट झोळीच अडकून बसे.

येथें लेसर आला. १६ मे १९६० रोजीं माणिकाच्या कांडींतून मेमन यांनीं तो प्रथम निर्माण केला होता. १९८१ सालीं ओरी व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनीं पित्तवाहिनींत सोडलेल्या दुर्बिणींतून लेसर नेऊन दोन रोग्यांचे खडे काढले. १९८६ सालीं एर्लांगेनकरांनीं तोंडावाटें जाऊन तेंच साधलें. अडचण एकच होती, उष्णता! खड्याबरोबर वाहिनीही भाजण्याचें भय होतें. म्हणून प्रकाशाचे ठोके अतिशय आंखूड करीत गेले. रंगद्रव्याच्या द्रावणापासून निघणाऱ्या लेसरचा एक ठोका सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाहूनही लहान. खड्याच्या अंगावर तप्त वायूचा बुडबुडा क्षणभर उठतो, फुगतो, कोसळतो आणि त्या धक्क्यानें खडा तडकतो. भोंवतालीं फारसें तापत नाहीं.

तरीही बारीक तंतूचें टोंक खड्यावर आहे कीं वाहिनीच्या भिंतीवर, हें क्ष-किरणांच्या छायेंत नेहमीं उमगत नसे. यावर एर्लांगेनमध्यें जी युक्ति निघाली ती मला या साऱ्या इतिहासांत सर्वांत मनोहर वाटते. प्रत्येक ठोक्याचा अगदीं आरंभींचा अल्प अंश आंत जातो आणि परततो. खड्यावरून परतणारा प्रकाश वेगळा, मांसावरून परतणारा वेगळा. परतलेल्या प्रकाशांत खड्याची खूण पटली नाहीं तर यंत्र तो ठोका मध्येंच तोडतें. मानवी डोळ्याची पापणी लवण्यापूर्वीं कितीतरी वेळ आधीं हा निवाडा होऊन गेलेला असतो. या लेसरनें कठीण खडे फोडल्याचा वृत्तान्त १९९३ सालीं छापून आला.

पुढें मुतखडे फोडणारा होल्मियमचा लेसर पित्ताच्या खड्यांवरही चालूं लागला, आणि यंत्राच्या निवाड्याची जागा पुन्हां माणसाच्या डोळ्यानें घेतली. कारण २००७ पासून एकाच वैद्याला हाताळतां येईल अशी बारीक दुर्बीण थेट पित्तवाहिनींत जाऊं लागली. खारें पाणी सोडीत, समोर पाहत खडा फोडावयाचा आणि तुकडे आतड्यांत लोटून द्यावयाचे. भिंतीवर नेम चुकला तर हा प्रकाशही भोंक पाडतो, म्हणून हात सराईतच हवा.

पुण्यामुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत आतां हा उपचार होतो. आमच्या आळींतील एका ऐंशी वर्षांच्या आजींचा खडा गेल्या वर्षीं असाच फोडला. हृदय त्यांचेंही दुबळेंच. चौथ्या दिवशीं मी समाचारास गेलों, तेव्हां त्या खाटेवर बसून चहा घेत होत्या आणि सून साखर हात आंखडून घालते म्हणून माझ्याकडे गाऱ्हाणें सांगत होत्या.