कोऱ्या वर्षांच्या फुल्या

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, वर पापड, कुरडई. दुसऱ्या पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणतं धान्य जागचं हललं, ते पाहून वाघ घराण्यातले महाराज पाऊसपाणी आणि पीक सांगतात. त्यांचे पूर्वज चंद्रभान महाराज यांच्यापासूनची ही रीत सुमारे साडेतीनशे वर्षांची मानतात.

माझे आजोबा ते भाकीत वहीत उतरवत. त्याच्या शेजारी प्रत्यक्ष पडलेला पाऊस आणि कपाशीचा एकरी उतारा. त्यावरून मी आलेख काढला: आडवा पाऊस, उभा उतारा, वर्षाला एक ठिपका. आकड्यांमधले असे संबंध मोजून मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याचं काम गिल्बर्ट वॉकर यांनी १९०४ ते १९२४ या काळात भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख असताना केलं, तेही हाताच्या आकडेमोडीवर.

वहीत १९७२ चा उतारा कोरा आहे. त्या साली आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. अशी कोरी वर्षं गाळली की नेमका दुष्काळच गळतो. तिथे सरासरी भरणं तर मला अन्यायाचं वाटतं. न पिकलेलं पीक कागदावर पिकतं. म्हणून ती वर्षं मी आडव्या रेषेखाली, आपापल्या पावसाच्या आकड्याशी, लाल फुलीने मांडतो. फुल्या डावीकडे, कमी पावसाशीच दाटतात. जर्मनीत ऑग्सबर्गला अँटनी अनविन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलेली 'मानेट' ही संगणकप्रणाली गहाळ नोंदींना अशीच आलेखात जागा देण्यासाठी होती. वहीत पाऊसही नोंदलेला नाही, अशी वर्षं माझ्या आलेखात डाव्या खालच्या कोपऱ्यात जातात.