टोळ आले, भोरड्या निघून गेल्या होत्या

25 मे 2020 रोजी आमच्या जयपुरात घरांवर टोळधाड उतरली. लोक गच्चीवर थाळ्या बडवत होते. त्याच सुमारास अमरावती-नागपूरकडच्या संत्र्याच्या बागांवरही टोळ पोहोचले.

टोळांचा एक जुना वैरी आपल्या ओळखीचा आहे: भोरडी, म्हणजे गुलाबी मैना. हिवाळ्यात ती थव्याने येऊन ज्वारी खाते, म्हणून आपला शेतकरी तिच्यावर गोफण फिरवतो. उन्हाळ्यात हीच भोरडी मध्य आशियात टोळ-नाकतोडे भरवून पिल्ले वाढवते. चीनच्या शिनजियांग प्रांतात 1980 च्या दशकात तिच्यासाठी मुद्दाम कृत्रिम घरटी उभारली.

जयपुरात टोळ आले, तेव्हा भोरड्या उत्तरेला गेलेल्या होत्या. मग 1939 साली उभी राहिलेली टोळधाड इशारा यंत्रणा आणि मॅलेथिऑनचा फवारा, यांवरच भिस्त राहिली.

कुमक हाकेच्या अंतरावर हवी, हे फौजेत पहिल्यांदा शिकवतात. भातातला कोळी आणि भाजीवरचा ढालकिडा ही आपल्या शेतातलीच कुमक. टोळधाडीत फवारा लागतोच; पण रोजच्या मावा-तुडतुड्यांसाठी तो उठसूट मारला, तर ही कुमकही मरते. म्हणून पंप उचलण्याआधी चार पानं उलटून बघा.